दोन बोटांचा फरक

नववी संपेपर्यंत माझी उंची सहा फूट दोन इंच झाली होती आणि या गोष्टीचा आनंद घरात कुणालाच झाला नव्हता. दर चार महिन्यांनी पँट आखूड होणारं लेकरू आपण दुसरीकडं कुठं पाहिलं नाही, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आम्ही गावच्या महादेवाचे पुजारी. गाभाऱ्याचं दार माझ्या छातीएवढं. दिवसातून चारदा आत जायचं आणि चारदा बाहेर यायचं, म्हणजे आठदा कपाळ सांभाळायचं. सातदा ते सांभाळलं जायचं. त्यामुळं मला वाकून चालायची सवय लागली, आणि वाकून चालतो म्हणून बाबा रागवायचे. ताठ चाललो की कपाळ फुटायचं, वाकलो की बोलणी बसायची. माझा स्वभाव त्या वयात चिडका झाला तो असा. अजूनही तो पुरता गेलाय असं नाही.

पण खरं दुःख होतं पालखीचं. आमच्या देवाची पालखी लहान, दोनच माणसांची. एक लांब दांडा, पुढं एक खांदा, मागं एक खांदा. त्रिपुरी पौर्णिमेला उन्हं कलली की ती देवळातून निघते, पूर्णेच्या घाटावर जाते आणि दिवे लागायच्या वेळेला परत येते. वाटेत पाच टप्पे, पाच जोड्या. टप्पा संपेपर्यंत पालखी थांबवायची नाही आणि खाली तर मुळीच टेकवायची नाही. जोड्या लावायचं काम बाबांचं. आदल्या दिवशी ते एकेकाला सभामंडपातल्या दगडी खांबाशी उभं करायचे आणि खांद्याच्या उंचीला भस्माची रेघ मारायचे. ज्यांच्या रेघा एका बोटाच्या आत आल्या ती जोडी. पुढचा उंच आणि मागचा ठेंगणा झाला तर देव मागं सरकतो, म्हणून एवढी काळजी.

माझी रेघ सगळ्यांच्या वर, एकटीच. दोन वर्षं बाबांनी ती मारली, खालच्या रेघांकडं पाहिलं आणि म्हणाले, "औंदा बी न्हाई." मग माझ्या हातात अब्दागिरी दिली, पालखीपुढं धरायची ती उंच दांड्याची छत्री. पुजाऱ्याचा थोरला मुलगा, आणि खांदा नाही, हातात नुसती अब्दागिरी. गावातली पोरं हसायची. मीही हसायचो, पण घरी गेल्यावर कुणाशी बोलायचो नाही.

अशात आमच्या शाळेला बास्केटबॉलचं कोर्ट मिळालं. कुठल्याशा योजनेत सिमेंट टाकून गेले, दोन खांब रोवून गेले, दोन रिंगा लावून गेले. उन्हाळ्यात गावकरी त्यावर हळद वाळवायचे, त्यामुळं जूनमध्ये शाळा उघडली की कोर्ट पिवळं असायचं, आणि पहिले पंधरा दिवस आमचे तळहात आणि चेंडूही. पीटीच्या सरांना बास्केटबॉल येत नव्हता. त्यांची हयात लेझीम आणि कवायतीत गेली होती. त्यांनी एक पुस्तक मागवलं, ते दोनदा वाचलं आणि सगळ्यांत आधी मला रिंगीखाली उभं केलं. "तू इथं थांबायचं," ते म्हणाले. "चेंडू आला की वर टाकायचा. हलायचं न्हाई."

मी हललो नाही. नववीचं अख्खं वर्ष मी त्या रिंगीखाली उभा राहिलो, आणि खरं सांगतो, इतकं सुख मला आधी कुठंच मिळालं नव्हतं. तिथं कपाळाला लागणारं काही नव्हतं. मी ताठ उभा राहिलो की पोरं आरडाओरडा करायची. रिंगीखालची ती पाच-सहा पावलांची जागा मला माझ्या नावावर झालेली जमीनच वाटायची.

दहावीच्या जूनमध्ये तो आला.

सरांना तो आखाडा बाळापूरच्या बाजारात सापडला होता. बापाबरोबर शेळ्या विकायला आला होता आणि गर्दीच्या वर खांद्यापासून सगळा दिसत होता, असं सर सांगायचे. तिकडच्याच एका तांड्यावरचा. शाळा आठवीतच सुटली होती, मग सरांनी खटपट करून त्याला नववीत बसवलं आणि शाळेच्या वसतिगृहात खाट मिळवून दिली. बाप सोडायला आला होता, तेव्हा मी ऑफिसच्या दाराशीच होतो. हेडमास्तर खेळाचे फायदे सांगत होते. बापानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुरुजी, घरी दोन हात कमी पडून राहिले. तरी ठिवतो. पन नुसतं बाकावर बसवायचं असंल त् सांगा. दिवाळीला येतो, न्हाई त् घिऊन जातो."

सरांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की दिवाळीच्या आधी जिल्ह्याचे सामने आहेत, त्यात पोरगं खेळेलच. मी बाहेर उभा राहून विचार केला, खेळेल कुठं? रिंगीखाली तर मी आहे.

तो माझ्यापेक्षा वर्षानं लहान होता आणि उंचीनं बरोबरीचा. पण मी नुसताच लांब, तो लांब आणि रुंद. बोलायचा कमी. पहिल्या दिवशी त्यानं मला विचारलं, "तू बी दारातून वाकून जातू का?" मी हो म्हणालो. तो इतका खूश झाला की मला राग आला. माझं दुःख मी एकट्यानं वाढवलं होतं. त्यात भागीदार मला नको होता.

सरांनी आधी आम्हाला आलटून पालटून खेळवलं. अर्धा वेळ मी, अर्धा वेळ तो. "दोघं उंच एकदम उतरवले त् पळणार कोन?" असा त्यांचा प्रश्न होता आणि तो चुकीचा नव्हता. बाकीचे संघ चपळ असतात, एक लांब माणूस त्यांना पुरतो, दोन लांब माणसं एकमेकांच्या पायात येतात. पुस्तकातही असंच काहीसं होतं म्हणे. पण अर्धा-अर्धा वेळ कुणालाच पुरेना. मी बसलो की धुसफुसायचो, तो बसला की जमिनीकडं बघत राहायचा. आणि महिन्याभरात कुणालाही दिसेल अशी एक गोष्ट झाली. तो माझ्यापेक्षा चांगला खेळायला लागला. रिंगीवर आपटून परत आलेला चेंडू मी वाट बघून घ्यायचो, तो जाऊन घ्यायचा. धक्का बसला की मी सरांकडं बघायचो, तो पाय रोवायचा.

मला हे कबूल करायला पुष्कळ दिवस लागले. तेव्हा मी एवढंच म्हणायचो की दिवाळी कधी येते बघू.

पोळ्याच्या सुमारास सरांनी हिय्या केला. दोघांना एकदम उतरवायचं. आणि दोघांनी मिळून कसं खेळायचं हे शिकवायला त्यांनी त्यांना जे येत होतं तेच काढलं, कवायत. शिटी वाजली की दोघांनी एकदम डावा पाय टाकायचा. दुसरी शिटी, दोघं एकदम रिंगीकडं. तिसरी, दोघं एकदम उडी. सरांचं म्हणणं साधं होतं. जोडी म्हणजे ताल. लेझमीत दोघांचे पाय मिळाले की कसं देखणं दिसतं! आम्ही सकाळी सहाला त्या पिवळ्या सिमेंटवर लेफ्ट-राइट करायचो. दिसायचं खरंच देखणं. फक्त सामना सुरू झाला की आम्ही दोघं एकाच जागी जायचो, एकाच चेंडूला हात घालायचो, आणि आमच्यामागं अर्धं कोर्ट मोकळं पडायचं. बुटकी पोरं त्यातून सुळकन निघून जायची.

एके दिवशी आम्ही एकदम उडी मारली आणि त्याचं डोकं माझ्या तोंडावर बसलं. माझा पुढचा दात तुटला, त्याची भुवई फुटली. मी रक्त थुंकत, तोंडाला येईल ते बोललो. "माझ्या जागेवर काहून येतू? तुला दुसरी जागा न्हाई का?" एवढं तरी मला आठवतं. बाकीचं आठवत नाही ते बरंय.

त्यानं भुवईवर हात दाबून धरला होता. शांतपणे म्हणाला, "दुसरी न्हाई मला. इथून उठलो की घरी."

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की मी कशाची वाट बघत होतो. मी वाट बघत होतो की एका पोराची शाळा सुटावी. इतकी लाज मला त्याआधी वाटली नव्हती. सॉरी म्हणायचं सोडून मी त्याला रुमाल दिला. तो माझ्याच रक्तानं भरलेला होता, म्हणून त्यानं परत केला. मग दोघांनाही हसू आलं, आणि हसताना माझा दात आणि त्याची भुवई दोन्ही ठणकली.

शाळेच्या कुंपणाला लागून बेलाचं झाड आहे. बाबा तिथं बेल तोडायला यायचे. त्याच्या दुसऱ्या दिवशी सर आम्हाला पुन्हा शिटीवर नाचवत होते आणि बाबा झाडाखाली उभे राहून बघत होते. बाबा फारसे हसत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी परडी खाली ठेवली आणि खांद्यावरचं उपरणं तोंडाला लावून ते हसले. मी भडकलो. घरी गेल्यावर विचारलं, काय एवढं हसण्यासारखं होतं? बाबा म्हणाले, "संध्याकाळी त्याला देवळात घिऊन ये. आन् दोघं बी पोट भरून जेवून या."

संध्याकाळी बाबांनी पालखी कोठीतून बाहेर काढून ठेवली होती. देवाच्या जागी ज्वारीचं अर्धं पोतं. त्यांनी आधी त्याला खांबाशी उभं केलं. माझी गेल्या वर्षीची रेघ पुसट झाली होती, ती नव्यानं मारली. मग त्याची. दोन रेघांत दोन बोटांचं अंतर, माझी वर. बाबांनी त्या अंतराला आपली बोटं लावून बघितली. मग त्यांनी एक जुनं धोतर फाडून त्याची घडी केली आणि त्याच्या खांद्यावर ठेवली.

"उचला," ते म्हणाले.

पुढं तो, मागं मी. आम्ही दांडा उचलला, आणि महिनाभराच्या सवयीनं दोघांचाही डावा पाय एकदम पडला. मग उजवा एकदम. चार पावलांत पालखी पाळण्यासारखी हिंदकळायला लागली. आठव्या पावलाला पोतं एका बाजूनं कलंडलं आणि मंडपभर ज्वारी सांडली. मला वाटलं बाबा आता आमचा उद्धार करणार. ते म्हणाले, "गोळा करा. आन् ऐका. पाय मिळवायचे न्हाईत. पाय चुकवायचे. पुढच्याचा डावा पडला की मागच्याचा उजवा. ह्यानं उचलला की त्यानं टेकवायचा. दोघं संगंच उचलत जाल त् देवाला खाली कोन धरणार?"

आम्ही ज्वारी गोळा केली, आणि पुन्हा उचलली. पाय मिळवणं सोपं असतं, अंग आपोआप तिकडं ओढतं. चुकवणं अवघड. त्यासाठी पुढच्याकडं सारखं लक्ष द्यावं लागतं. मी त्याच्या मानेकडं बघत चाललो. गेले दोन-तीन महिने मी त्या मानेकडं बघतच होतो, पण ती माझ्या जागेवरून कधी हलते म्हणून. आता पहिल्यांदा ती कुठल्या पायावर कलते ते बघत होतो. मंडपाच्या तिसऱ्या फेरीला पालखी थांबली. म्हणजे आम्ही चालत होतो, पण ती हलत नव्हती, पाण्यावर ठेवल्यासारखी सरळ जात होती. पुढून त्याचा आवाज आला, "वजनच लागून न्हाई राहिलं की रे."

बाबांनी मला बाजूला घेतलं. खेळातलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि तसं ते म्हणालेही. पण जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. "तो आत जातू तवा तू बी आत जातू. तू बाहीर थांबून बघ एकदा."

बाहेर थांबायचं म्हणजे रिंगीखालची ती जागा सोडायची. बाबांना काय माहीत ती जागा माझ्यासाठी काय होती! दोन दिवस मी पहिल्यासारखाच शिटीवर नाचलो. तिसऱ्या दिवशी सरांनी शिटी तोंडात धरली तेव्हा मी म्हणालो, "सर, त्याला रिंगीखाली ठेवा. मी पुढं, फ्री-थ्रोच्या लाइनीपाशी उभा राहतो. तो आत गेला की मी बाहेर. तो बाहेर आला की मी आत." सरांनी पुस्तक उघडलं, चाळलं, मिटलं. म्हणाले, "ह्यात न्हाई असं." मग थोड्या वेळानं शिटी खिशात टाकत म्हणाले, "करून त् बघा."

आम्ही करून बघितलं. लाइनीपाशी उभं राहिलं की मला एक नवीनच गंमत कळली. तिथून सगळ्यांच्या डोक्यावरून दिसायचं. कोण कुठं मोकळा आहे, कोण झोपलाय, सगळं. आणि त्याचा हात सगळ्यांच्या वर असायचा. मी चेंडू वरच्या वर द्यायचो आणि तो वरच्या वर घ्यायचा. खालच्या पोरांना चेंडू दिसायचा, पण मिळायचा नाही. कधी सगळे त्याच्याभोवती गोळा झाले की तो चेंडू घेऊन बाहेर यायचा आणि मी रिकाम्या रिंगीकडं जायचो. माझी जुनी जागा मला अशी अधूनमधून भेटायची. पण मी खोटं बोलणार नाही, पहिले काही दिवस तिथं त्याला ताठ उभं बघितलं की मी नजर दुसरीकडं वळवायचो.

जिल्ह्याचे सामने हिंगोलीला झाले. जिल्ह्यात बास्केटबॉलचे संघ एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, त्यामुळं एकच सामना जिंकून आम्ही अंतिम सामन्याला पोचलो. याचा फार अभिमान नको म्हणून सांगतो. समोर शहरातली पोरं, पायात एकसारखे बूट. आमच्यातल्या दोघांच्या पायात तर बूटच नव्हते. माझ्या जोडीदाराच्या मापाचे जिल्ह्यात कुठं मिळत नव्हते, म्हणून तो अनवाणीच खेळला. त्याचा बाप आला होता. कोपऱ्यातल्या पायरीवर बसून, गुडघ्यांवर हात ठेवून, शेवटपर्यंत तसाच होता. टाळी वाजवली नाही, ओरडला नाही.

आम्ही एका गुणानं हरलो. शेवटच्या मिनिटात मी वर दिलेला चेंडू त्यानं घेतला, टाकला, तो रिंगीवर दोनदा गरगरला आणि बाहेर पडला. चेंडू परत येतो आहे हे बघून मी आत धावलो, पण शिटी झाली. सर म्हणाले, विभागाच्या सामन्यांना गेलो असतो तर हेडमास्तरांना सांगायला तोंड राहिलं असतं. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी आम्हाला सगळ्यांना उसाचा रस पाजला.

बाप खाली आला. सरांना नमस्कार केला, पोराच्या हातातली पिशवी आणि वळकटी घेतली आणि म्हणाला, "चल, दिवाळीला." दोघं स्टँडकडं निघाले. वळणावर त्यानं मागं बघितलं. मी हात केला नाही. हात केला असता तर रडलो असतो, आणि सहा फूट दोन इंचाचा मुलगा रडायला लागला की लपायला कुठं जागा नसते.

ती दिवाळी मला गोड लागली नाही. आई चकली पुढं ठेवायची आणि विचारायची, तुटलेला दात दुखतो का? मी हो म्हणायचो. सुट्ट्या संपल्या, शाळा उघडली, वसतिगृहातली पोरं एकेक करून परत आली. त्याची खाट रिकामी. वळकटी नेली होती, नुसती लोखंडी पट्ट्यांची खाट. मी रोज सकाळी बघून यायचो. सरांना विचारलं तर ते चष्मा पुसायला लागले. जिंकलो असतो तर बापाला काही दाखवता आलं असतं, हेच माझ्या डोक्यात फिरत होतं. तो शेवटचा पास मी थोडा उजवीकडं दिला असता तर, तेवढंच.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाबांनी रेघा मारल्या. माझीही मारली. खाली बघितलं, पण "औंदा बी न्हाई" म्हणाले नाहीत. जुन्या धोतराची ती घडी मात्र त्यांनी पालखीच्या गादीशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली, पालखी निघाली. पहिल्या टप्प्याला मी अब्दागिरी घेऊन पुढं. दुसरा टप्पा संपतो त्या वळणावर, पिंपळाच्या पारापाशी, एक मोटारसायकल उभी होती. पुढं बाप, मागं तो. गुडघे दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, मांडीवर वळकटी. मी अब्दागिरी शेजारच्याच्या हातात कोंबून पळत गेलो.

माझ्याच्यानं धीर धरवला नाही. मी त्याला सोडून बापालाच विचारलं, "काका, आमी हारलो तरी आणलं तुमी?"

बापाला माझा प्रश्न कळेना. "हारले त् काय झालं?" तो म्हणाला. "मी काय जितून दाखवा म्हनलं होतं का? बाकावर बसवू नगा म्हनलं होतं. येक मिन्ट बी बसवलं न्हाई तुमी. जवारी काढायची होती म्हून चार दिस उशीर झाला. त्यात हे पोरगं घरी आल्यापासून, पालखी हाय, पालखी हाय! याडीचं डोकं खाल्लं ह्यानं." याडी म्हणजे त्यांच्याकडं आई.

एवढे दिवस मी ज्या गोष्टीनं जळत होतो ती अट बापानं कधी घातलीच नव्हती. ती माझी मीच घातली होती.

बाबा तिथवर आले होते. तिसऱ्या टप्प्याच्या जोडीला त्यांनी हातानं बाजूला व्हायला सांगितलं आणि आमच्याकडं बघितलं. देवस्थानातले एक वयस्कर गृहस्थ पुढं सरकून हळूच म्हणाले, "तांड्याचं पोरगं? आजवर कधी..." बाबांनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "खांदा मापलाय मी त्याचा," ते म्हणाले. "आपल्याकडं खांदाच बघतात." त्यांनी घडी त्याच्या खांद्यावर ठेवली. गृहस्थ मागं सरले. खूश झाले नाहीत, पण सरले.

पुढं तो, मागं मी. त्याचा डावा पडला, माझा उजवा. पहिल्याच पावलाला पालखी सरळ झाली. दोन्ही बाजूंनी लोक फुलं टाकत होते, आणि दोन वर्षं अब्दागिरीकडं बघून हसणारी पोरं तोंड वर करून आमच्याकडं बघत होती. मला अगदी वेड्यासारखा आनंद झाला होता.

घाटाचा उतार सुरू झाला तसं कुणीतरी टाकलेला हार त्याच्या खांद्यावर पडला आणि घसरताना ती घडी सोबत घेऊन गेला. ती माझ्या पायाखालून मागं गेली. त्याचा खांदा एकदम दोन बोटं खाली आला, आणि दांडा पुढं कलला. देवाच्या गादीवरचं फूल पुढं सरकलं. त्याच्या मानेची शीर ताणली गेली. तो टाचा उचलून चालायला बघत होता, आणि उतारावर टाचा उचलून चालता येत नाही. थांबायचं नाही, टेकवायचं नाही. मग मी गुडघे वाकवले. दोनच बोटं. फूल थांबलं.

टप्पा संपेपर्यंत मी तसाच चाललो. वाकलेले गुडघे घेऊन, पाय चुकवत, ओझ्याखाली. मांड्या थरथरत होत्या. आयुष्यभर मी दारांसाठी वाकलो होतो, लाजेनं वाकलो होतो, आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली होती. त्या दिवशी आपणहून वाकलो. घाटावर पुढच्या जोडीनं खांदा घेतला तेव्हा त्यानं वळून विचारलं, "मधी वजन कमी कसं झालं रे?" मी म्हणालो, "मला काय माहीत." त्याला मी ते अजूनही सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही.

पुढच्या वर्षी मी अकरावीला वसमतला होतो, पौर्णिमेसाठी घरी आलो. आदल्या दिवशी खांबापाशी सगळे जमले. एकेकाचा खांदा मापून झाला. आम्ही दोघं पुढं झालो, तर बाबा म्हणाले, "तुमी काहून येऊन राहिले? तुमची रेघ मारलीय मी." मी खांबाकडं बघितलं. सगळ्यांत वर, माझ्या जुन्या रेघेच्या दोन बोटं खाली, एकच रेघ होती. बाबा परडी उचलून गाभाऱ्याकडं निघाले होते. जाता जाता एवढंच म्हणाले, "दोघांची हाय ती."